चेहऱ्याचें छायाचित्र आणि पहिली लेन्स

आपल्याकडील पुष्कळ घरांत भिंतीवर वडील माणसांचीं जीं छायाचित्रें टांगलेलीं दिसतात, त्यांपैकीं बरींचशीं त्या माणसांचीं म्हणून मुद्दाम काढलेलीं नसतात. कोणा नातलगाच्या लग्नांत पंचवीस मंडळी फोटोस उभी राहिली, मागच्या रांगेंत आजोबा अर्धेमुर्धे दिसले, आणि पुढें ते निवर्तल्यावर तेवढाच भाग कापून घाईघाईनें मोठा करून घेतला, अशी त्या चित्राची हकीकत असते. त्यांत डोळे पुसट झालेले असतात, कपाळावर कोणाच्या तरी पागोट्याची सांवली पडलेली असते, आणि खांद्यावर कोणा तिऱ्हाइताचा हात राहून गेलेला असतो. जो चेहरा आपण वर्षानुवर्षें रोज पाहिला, त्याची एकही नीट प्रतिमा घरांत नसावी, ही खेदाची गोष्ट होय. बरें, ती टाळण्यास फार मोठी विद्या किंवा फार मोठें द्रव्य लागतें, असेंही नाहीं.

अलीकडे कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हातीं आला आहे. कोणास तो थोरल्या भावाकडून मिळतो, कोणास मामाकडून, तर कोणी तो जुन्या बाजारांतून आणलेला असतो. कॅमेऱ्याबरोबर बहुधा '१८-५५' असा आंकडा लिहिलेली एक साधी झूम लेन्स येते. चार-सहा महिने लोटले, कीं मुलगा वडिलांपाशीं गाऱ्हाणें मांडतो, "बाबा, या लेन्सनें चेहरे चांगले येत नाहींत. मला दुसरी घेऊन द्या." वडील चौकशी करूं लागतात, तों दुकानदार एकीपेक्षां एक महाग अशा पांच लेन्स पुढें मांडतो, आणि कोणती घ्यावी हें न समजून एक तर मुलाच्या पदरीं निराशा येते, नाहीं तर बापाच्या पदरीं कर्ज येतें. असे प्रसंग आम्हां शिक्षकांच्या कानांवर वारंवार येतात. म्हणून विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांसही उपयोगी पडेल, असा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या सांगण्याचें सार प्रथमच सांगून टाकतों. चेहऱ्याचें रूप लेन्स ठरवीत नाहीं. तें कॅमेरा आणि माणूस यांमधील अंतर ठरवितें. त्या अंतरावरून चित्रांत किती भाग घ्यावयाचा आणि किती उजेडांत काम भागवावयाचें, एवढेंच लेन्सच्या स्वाधीन असतें. हें ज्यास नीट उमगलें, त्याचे निम्मे पैसे दुकानांत जाण्यापूर्वींच वांचले असें समजावें.

हें विधान थोड्या गणितानें पडताळून पाहूं. मनुष्याच्या नाकाचा शेंडा कानांच्या पुढें सुमारें १२ सेंटिमीटर असतो. आतां कोणी मोबाइल फोन नाकापासून ४० सेंटिमीटरांवर धरून चित्र काढलें, तर नाक ४० सेंटिमीटर आणि कान ५२ सेंटिमीटर दूर राहतात. जवळची वस्तु मोठी व दूरची लहान दिसते, हा नियम सर्वांस ठाऊक आहेच. त्या नियमानें ५२ भागिले ४०, म्हणजे नाक कानांच्या मानानें १.३ पट मोठें उमटतें. नाक फुगलेलें, कपाळ पुढें आलेलें, कान मागें लपलेले, असा तो चेहरा पाहून आजी म्हणते, "ही मी नव्हेच!" आणि तिचें म्हणणें खरेंच असतें. तेंच चित्र २ मीटरांवरून काढलें, तर नाक २०० व कान २१२ सेंटिमीटरांवर येतात, आणि फरक अवघा १.०६ पट राहतो. इतका फरक डोळ्यांस जाणवत नाहीं. चार माणसें बैठकींत समोरासमोर बसून बोलतात तेव्हां त्यांच्यांत साधारण एवढेंच अंतर असतें, म्हणून तेथून काढलेला चेहरा आपणांस ओळखीचा वाटतो. व्यक्तिचित्रासाठीं दीड ते दोन मीटर, म्हणजे पांच ते साडेसहा फूट, हें माप विद्यार्थ्यांनीं पाठ करून ठेवावें.

यावर कोणी विचारील, "मग वेगळी लेन्स हवी कशाला?" त्याचें उत्तर असें. दोन मीटरांवर उभें राहून १८ मिलिमीटरांच्या लेन्सनें पाहिलें, तर चित्रांत आजी, तिचा पलंग, भिंतीवरचें कॅलेंडर आणि दारांतलें मांजर, असा सारा संसार येतो. चेहरा मात्र त्यांत हरवून जातो. चेहऱ्यास चित्रांत पुरेशी जागा मिळवून देण्यासाठीं अधिक नाभीय अंतराची लेन्स लागते. विज्ञानाच्या तासाला बहिर्गोल भिंग हातांत घेऊन विद्यार्थी जें नाभीय अंतर मोजतात, तेंच हें. लेन्सच्या कडेवर ३५, ५०, ८५ असे जे आंकडे असतात, ते हेंच अंतर मिलिमीटरांत सांगतात. आंकडा जितका मोठा, तितका चित्रांत येणारा भाग लहान.

परंतु हा आंकडा एकटाच पाहून चालत नाहीं. कॅमेऱ्यांतील सेन्सरचें आकारमानही पाहावें लागतें. जुन्या फिल्मवर चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरांचें पडे, व आजच्या मोठ्या किंमतीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत सेन्सरही तेवढाच असतो. विद्यार्थ्यांस परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत मात्र तो सुमारें २३.५ बाय १५.६ मिलिमीटरांचा, आणि कॅनन कंपनीच्या कॅमेऱ्यांत त्याहूनही किंचित् लहान असतो. या आकारास एपीएस-सी म्हणतात. लहान सेन्सर लेन्सनें पाडलेल्या प्रतिमेच्या कडा सोडून मधला भागच घेतो. परिणामीं ५० मिलिमीटरांची लेन्स त्यावर जुन्या फिल्मवरील ७५ मिलिमीटरांच्या, व कॅननच्या लहान सेन्सरवर ८० मिलिमीटरांच्या लेन्सप्रमाणें काम करते. फिल्मच्या काळापासून छायाचित्रकार चेहऱ्यांसाठीं ८५ ते १०५ मिलिमीटरांच्या लेन्स पसंत करीत आले आहेत. त्याचें एक मुख्य कारण हेंच, कीं त्यांच्या योगानें योग्य अंतरावर उभें राहूनही चेहरा चित्रांत भरून दिसतो. तेव्हां लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यास साधी ५० मिलिमीटरांची लेन्स लावली, कीं ती त्या जुन्या पसंतीच्या जवळपास जाऊन बसते.

आतां उजेडाचा विचार करूं. यासाठीं थोडें मागें जावें लागेल. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर यांची छायाचित्रणाची रीति जाहीर झाली, तेव्हां तिनें इमारतींचीं चित्रें सुरेख येत. माणसांचीं मात्र येईनात. त्या वेळच्या लेन्समधून उजेड इतका थोडा आंत जाई, कीं चित्र उमटण्यास भर उन्हांतही कित्येक मिनिटें लागत, आणि तितका वेळ मान न हलवितां कोण बसणार? ही अडचण व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनीं मनावर घेतली. त्यांनीं कांचांचे आकार आधीं गणितानें ठरविले, व त्या प्रचंड आंकडेमोडींत त्यांस तोफखान्यांतील गणित जाणणाऱ्या सैनिकांचें साहाय्य मिळालें. १८४० सालीं ती लेन्स सिद्ध झाली. तिचें तोंड सुमारें एफ ३.६ इतकें रुंद होतें, आणि आधीच्या साध्या लेन्सच्या मानानें ती सुमारें वीस पट उजेड आंत घेई. रासायनिक सुधारणांचीही जोड मिळून मिनिटांचें काम सेकंदांवर आलें, आणि चेहऱ्यांचीं छायाचित्रें काढण्याचा धंदा उभा राहिला. आपल्याकडेही ही विद्या लवकरच आली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पिढींतील छायाचित्रकारांत गणले जात.

एफ ३.६, एफ १.८ या आंकड्यांचें गूढ वाटण्याचें कारण नाहीं. नाभीय अंतरास लेन्सच्या भोंकाच्या व्यासानें भागिलें असतां जी संख्या येते, ती ही. म्हणून संख्या जितकी लहान, तितकें भोंक मोठें. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम लेन्स ५५ वर नेली, कीं बहुधा एफ ५.६ पेक्षां अधिक उघडत नाहीं. म्हणजे तिचें भोंक ५५ भागिले ५.६, सुमारें १० मिलिमीटर. ५० मिलिमीटर एफ १.८ या लेन्सचें भोंक ५० भागिले १.८, सुमारें २८ मिलिमीटर. सेन्सरवर पडणाऱ्या उजेडाची तुलना करावयाची असल्यास या एफ-संख्यांचे वर्ग घ्यावे. ५.६ चा वर्ग ३१.३६ व १.८ चा वर्ग ३.२४, पहिल्यास दुसऱ्यानें भागिलें असतां साडेनऊहून किंचित् अधिक उत्तर येतें. तात्पर्य, संध्याकाळीं घरांत जें चित्र साध्या झूमनें सेकंदाच्या दहाव्या भागांत निघतें, तें या लेन्सनें जवळजवळ शंभराव्या भागांत निघतें. दहाव्या भागांत लहान मूल मान वळवितें व काढणाऱ्याचा हात हलतो. शंभराव्या भागांत बसलेला माणूस बहुधा स्थिर मिळतो.

इतका लाभ देणारी लेन्स फार महाग असेल, असें कोणासही वाटेल. वस्तुतः नामांकित कंपन्यांच्या लेन्समध्यें ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकीं एक आहे, आणि याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण, तिची रचना जुनी व पारखलेली आहे. जर्मनींत झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनीं १८९६ सालीं प्लानार नांवाची लेन्स आंखली. मध्यें भोंक आणि त्याच्या दोन्ही अंगांस जवळजवळ सारख्या कांचा, अशी तिची मांडणी होती. आजच्या पुष्कळशा ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स त्याच वंशांतील होत. दुसरें कारण, तिच्यांत झूमचे सरकते भाग नसतात व कांचा थोड्या असतात. कॅननच्या अशा लेन्समध्यें त्या अवघ्या सहा आहेत. तिसरें कारण, तिला मागणी मोठी आहे. १९२५ सालीं लायका कॅमेरा बाजारांत आला तो ५० मिलिमीटरांच्या लेन्ससह, आणि पुढें हाच आंकडा नेहमींच्या लेन्सचा मानला गेला. जी वस्तु पिढ्यान् पिढ्या मोठ्या संख्येनें तयार होते, ती स्वस्त पडते, हें कोणताही व्यापारी सांगेल.

"५० घ्यावी कीं ८५ घ्यावी?" हा वाद मुलें फार घालतात. आमच्या मतें तो घराच्या मापानें सोडवावा. लहान सेन्सरचा कॅमेरा उभा धरला असतां ५० मिलिमीटरांच्या लेन्सनें दीड मीटरावरून सुमारें ७० सेंटिमीटर उंचीचा भाग चित्रांत येतो, म्हणजे डोक्यापासून छातीच्या खालपर्यंत. दोन मीटरांवरून सुमारें ९४ सेंटिमीटर येतो, म्हणजे कमरेपर्यंतचें चित्र होतें. उभ्या माणसाचें पायांपर्यंत चित्र घ्यावयाचें, तर सुमारें बारा फूट मागें जावें लागतें. ८५ मिलिमीटरांच्या लेन्सला त्याच चित्रासाठीं वीस फुटांहून अधिक जागा लागते. आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरांतील खोली दहा बाय बारा फुटांची असते. तेथें ८५ नें चेहऱ्याखेरीज दुसरें कांहीं घेऊं म्हटलें, तर छायाचित्रकारास भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या घरांत जाऊन उभें राहावें लागेल! शिवाय ८५ ची किंमतही ५० च्या कित्येक पट असते. उलट ३५ मिलिमीटरांच्या लेन्सनें उभा माणूस साडेआठ-नऊ फुटांवरून पुरा येतो. म्हणून ज्यास घरांत भावंडांचे व कुटुंबाचे फोटो अधिक काढावयाचे आहेत, त्यानें ३५ चा विचार करावा. पण एकट्याचा चेहरा भरून घेण्यास ती लेन्स माणसाच्या फार जवळ नेते, हें ध्यानांत असावें. ज्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मएवढा मोठा आहे, त्यानेंही प्रथम ५० च घ्यावी, दीड मीटरावरून चित्र काढावें, आणि कडेचा अधिक भाग मागाहून कापून टाकावा.

एवढें वाचून कोणी विद्यार्थी थेट दुकानांत धांव घेईल, म्हणून त्यास दोन-तीन धोके सांगून ठेवणें अवश्य आहे.

पहिला धोका एफ १.८ च्या मोहाचा. भोंक जितकें मोठें, तितकी स्पष्टतेची खोली कमी, असा नियम आहे. लहान सेन्सरवर दीड मीटरावरून एफ १.८ नें चित्र काढलें, तर सुमारें ६ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाकापासून कानापर्यंतचें अंतर १२ सेंटिमीटर, हें आपण वर पाहिलेंच. म्हणजे डोळा स्पष्ट, तर कान पुसट. आणि फोकस थोडा चुकला, कीं नाक स्पष्ट व डोळे पुसट. एफ ४ वर हीच खोली सुमारें १४ सेंटिमीटर होते व सर्व चेहरा तींत सामावतो. म्हणून उजेड पुरेसा असेल तेव्हां एफ २.८ ते एफ ४ ठेवावें, एफ १.८ हें संध्याकाळच्या अडचणीसाठीं राखून ठेवावें, आणि फोकस नेहमीं कॅमेऱ्याच्या जवळ असलेल्या डोळ्यावर करावा. पार्श्वभूमि मऊ हवी असल्यास माणसास भिंतीपासून सहा-सात फूट पुढें बसवावें. तेवढ्यानें पुष्कळ काम होतें.

दुसरा धोका लेन्सच्या बुडाचा, ज्यास माउंट म्हणतात. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यास बसत नाहीं, आणि कित्येकदां एकाच कंपनीची जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यास सरळ बसत नाहीं. कॅननची ईएफ जातीची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स प्रथम १९८७ सालीं निघाली. १९९० सालीं तिची दुसरी व २०१५ सालीं तिसरी आवृत्ति आली. यांतील दुसरीचें बूड प्लास्टिकचें आहे, तर तिसरीचें धातूचें आहे, एवढें पाहिलें तरी त्या ओळखूं येतात. ही लेन्स कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांस बसते. पण २०१८ पासून निघालेल्या आरएफ माउंटच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांस ती जोडतुकड्यावांचून बसत नाहीं. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६०० या कॅमेऱ्यांत लेन्स फिरविणारी मोटार नाहीं. म्हणून त्यांवर एएफ-डी अशी खूण असलेली जुनी लेन्स लावली तर ती आपोआप फोकस करीत नाहीं. त्यांसाठीं २०११ सालीं निघालेली एएफ-एस ५० मिलिमीटर एफ १.८ जी ही लेन्स घ्यावी. तात्पर्य, दुकानांत जातांना आपला कॅमेरा बरोबर न्यावा आणि लेन्स त्यावर लावून चालवून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

तिसरा धोका 'अधिक महाग तें अधिक चांगलें' या समजुतीचा. कॅननच्याच आरएफ माउंटमधील ५० मिलिमीटरांच्या लेन्सपैकीं दोहोंची तुलना करून पाहा: एक एफ १.८, सुमारें १६० ग्रॅम वजनाची. दुसरी एफ १.२, सुमारें ९५० ग्रॅम वजनाची. दुसरीची मूळ किंमत पहिलीच्या दहापटीहून अधिक आहे. उजेड मात्र ती पहिलीच्या सव्वादोन पटच आंत घेते, १.८ व १.२ यांचे वर्ग काढून हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. ज्यांची उपजीविका छायाचित्रणावर आहे, त्यांस ती महाग लेन्स घेण्याचीं कारणें असतील. शिकणाऱ्यास तीं कारणें नाहींत.

जुनी लेन्स घेतल्यास पैसे आणखी वांचतात. मुंबईच्या फोर्ट भागांतील बोराबाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठीं प्रसिद्ध आहे, व इतर शहरांतही जुना माल विकणारे असतात. परंतु आपल्या कोंकणपट्टींतील दमट हवेंत लेन्सचा मोठा शत्रु म्हणजे बुरशी. लेन्स उजेडाकडे धरून, तींतून बॅटरीचा झोत पाडून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसले, तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊं नये. धुळीचे चार कण दिसले तर हरकत नाहीं; चित्रांत ते येत नाहींत. भोंक लहानमोठें करणाऱ्या पात्यांवर तेल नसावें. फोकसची कडी अडखळतां कामा नये. मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचें एक चित्र एफ ४ वर काढावें व चारही कोपऱ्यांतील अक्षरें सारखीं वाचतां येतात कीं नाहीं तें पाहावें. एक कोपरा फार पुसट असेल, तर लेन्स कधीं तरी पडलेली असण्याचा संभव आहे. लेन्स घरीं आणल्यावर पावसाळ्यांत ती कातडी पिशवींत न ठेवतां सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यांत ठेवावी. डाळीचा जुना प्लास्टिकचा डबा स्वच्छ धुऊन वाळविला तरी चालतो.

आतां पालकांस आमची एक सूचना आहे. मुलानें लेन्स मागितली, तर होकार वा नकार देण्यापूर्वीं त्यास महिनाभराचें एक काम द्यावें. हातांतील झूम लेन्स ५५ वर ठेवून, दोन मीटर अंतरावरून, खिडकीच्या उजेडांत त्यानें दहा माणसांचे चेहरे काढावे. माणसास खिडकीच्या बाजूला तिरपें बसवावें आणि दुसऱ्या बाजूस कोणाला तरी पांढरी चादर धरून उभें करावें, म्हणजे काळोखी बाजू उजळते. महिन्यानंतर तीं चित्रें दोघांनीं मिळून पाहावीं. आधीं वेडेवांकडे येणारे चेहरे आतां सरळ आले असतील, तर दोष लेन्सचा नसून अंतराचा होता. मागें दोरीवरचे कपडे दिसत असतील, तर दोष बसविण्याच्या जागेचा आहे. पण अंतर व जागा बरोबर असूनही संध्याकाळचीं चित्रें हललेलीं, काळपट वा दाणेदार येत असतील, तर मात्र मुलाची मागणी रास्त आहे, व ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स त्यास द्यावी. महिन्याभरांत दहाही चेहरे काढून झाले नाहींत, तर पैसे बँकेंत राहूं द्यावे.

ज्यांच्यापाशीं कॅमेराच नाहीं, त्यांनींही हिरमुसलें होऊं नये. मोबाइल फोनमधील मुख्य लेन्स बहुधा जुन्या फिल्मवरील २४ ते २८ मिलिमीटरांच्या लेन्ससारखी रुंद असते, म्हणूनच आपण नकळत माणसाच्या अगदीं जवळ जातों. दीड मीटर मागें सरून, फोनमध्यें दोन पटीची सोय असल्यास ती वापरून, नाहीं तर मागाहून कडा कापून चित्र घेतलें, तर चेहऱ्याचीं प्रमाणें तशींच खरीं येतात. फोन पार्श्वभूमि पुसट करून दाखवितो, ती बहुतांशीं हिशेबानें केलेली करामत असते. केंस व चष्म्याच्या कडा यांपाशीं ती कधीं कधीं चुकते. पण अंतराचा नियम फोनला आणि लाखाच्या लेन्सला एकच आहे.

उपकरणांची उणीव ही सबब किती लंगडी आहे, हें दाखविण्यास ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचें उदाहरण पुरेसें आहे. यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. १८६३ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, इंग्लंडांत असतां मुलीनें व जांवयानें त्यांस एक कॅमेरा भेट दिला. त्यांनीं कोळशाच्या खोलींत चित्रें धुण्याची सोय केली आणि कोंबड्यांच्या खुराड्यास चित्रें काढण्याची जागा केली. त्या कांहीं धंदेवाईक छायाचित्रकार नव्हत्या. घरच्या मुली, मोलकरणी, शेजारी, आणि ओळखीचे विद्वान् यांस त्यांनीं समोर बसविलें. त्यांच्या चित्रांतील पुसटपणास त्या काळच्या जाणत्यांनीं नांवें ठेविलीं. तरी शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचें त्यांनीं १८६७ सालीं काढलेलें चित्र आजही जगांतील उत्तम व्यक्तिचित्रांत मोजलें जातें. दूर कांचघर बांधून मिळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर ते चेहरे आज आपणांस दिसले नसते.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं लेन्स मिळो वा न मिळो, या सुटींत घरांतील सर्वांत वडील माणसास सकाळच्या उजेडांत खिडकीजवळ बसवा, दोन मीटर मागें जा, आणि त्यांच्याशीं बोलत बोलत चित्र काढा. "बाळ, माझा कसला फोटो काढतोस, केंस तरी विंचरूं दे," असें आजी म्हणेल. तिला केंस विंचरूं द्या. चित्र निघाल्यावर तें फोनमध्येंच पडूं देऊं नका. फोन हरवतो, बिघडतो, आणि त्यांतील सर्व कांहीं घेऊन जातो. चांगल्या कागदावर दोन प्रती छापून घ्या, पाठीमागें पेन्सिलीनें नांव, गांव व तारीख लिहा, आणि त्यांतील एक प्रत ज्यांचें चित्र त्यांच्याच हातीं द्या.